चेहऱ्याशी जुळवलेला टीव्ही

३ ऑक्टोबर

मनुष्याने आयुष्यात अनेक अन्याय निमूटपणे सोसावेत. परंतु हिरव्या तोंडाचा वृत्तनिवेदक सोसू नये, असे माझे आजपासून ठाम मत झाले आहे. नव्या घरातली पहिली संध्याकाळ. सामान अर्धे खोक्यांत, अर्धे पायांत. चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलो, तर एक सद्गृहस्थ कच्च्या पेरूच्या वर्णाने देशाची अर्थव्यवस्था समजावून सांगत होते. त्यांच्या शेजारची निवेदिका त्यांच्याहून थोडी कोवळी. मागचे आकाश शेवाळलेले. मी निषेध नोंदवला. बायकोचे, म्हणजे हिचे, म्हणणे असे, की अर्थव्यवस्थेची बातमी सांगायची म्हटल्यावर माणसाला दुसरा कुठला रंग चढणार?

एरवी घराबद्दल तक्रार नाही. वर्तमानपत्राने मला या वयात या गावी वार्ताहर म्हणून धाडले, तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी सांत्वनपर चेहरे केले होते. आता घर बघायला बोलावून त्यांना जळवावे असा विचार आहे. वरचा मजला, तीन खोल्या, खिडक्या मोठ्या आणि चक्क बंद होणाऱ्या. स्वयंपाकघराचा ताबा हिने घेतला, हॉलचा मी. मधली खोली तूर्त वादग्रस्त प्रदेश आहे. हॉलच्या भिंतीवर कपाटाच्या दारांएवढा रुंद टीव्ही, आधीच्या भाडेकरूने सोडून गेलेला. फुकट.

खाली मालकीणबाई राहतात. हिने पहिल्या तासातच त्यांना मावशी केले. मावशींकडून कळले, की आधीचा भाडेकरू चष्मेवाला होता आणि जाताना बजावून गेला, की टीव्ही आहे तसा बघा, सेटिंगला हात लावू नका. टीव्हीच्या कडेच्या बटणांवर त्याने जाड चिकटपट्टी मारून ठेवली आहे, आणि रिमोट पंख्याच्या खोक्यात सापडला. लोकांची दृष्टी तपासून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी हे असले चित्र पाहत बसावे! गावातल्या किती जणांच्या नाकावर चुकीचा चष्मा असेल, देव जाणे. चौकशी केली पाहिजे. पहिले बातमीपत्र होऊन जाईल.

५ ऑक्टोबर

चिकटपट्टी काढली.

आज सुट्टी. सबंध दुपार टीव्हीला सुसंस्कृत करण्यात गेली. या यंत्रांची परिभाषा ज्याने रचली तो मनुष्य व्याकरण शिकलेला नसावा. ब्राइटनेस नावाचे बटण उजेड वाढवत नाही, काळा किती काळा ते ठरवते. पांढरा किती पांढरा ते कॉन्ट्रास्ट ठरवतो. आणि शार्पनेस वाढवला तर चित्र रेखीव होण्याऐवजी प्रत्येक वस्तूला खोटी काठ-पट्टी शिवली जाते. म्हणून आधी तो खाली आणायचा. दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे दिपवण्यासाठी ठेवलेला भडक मोड बंद करायचा. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्ट्यांचे एक चाचणीचित्र लावून, पडदे ओढून, सर्वांत गडद पट्टी काळ्यात विरेल न विरेल इथपर्यंत यायचे. हे सगळे मी यथासांग केले. ही दारात उभी राहून म्हणाली, की मुंज लावताय की टीव्ही?

पट्ट्या जुळल्या, पण माणसांचे काय? कातडीचा रंग पट्टीवर कळत नाही. निवेदकांना मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्यामुळे ते मुळात कोणत्या रंगाचे आहेत याविषयी माझ्याकडे प्रमाण नाही. प्रमाण हवे तर ओळखीचा चेहरा हवा. एकदम सुचले. गेल्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाचे चित्रण पेन ड्राइव्हवर आहे. त्यात ही लाल स्वेटर घालून कॅमेऱ्याकडे बघत खळखळून हसते. तोच स्वेटर घालायला लावून हिला टीव्हीशेजारी स्टुलावर बसवले. पडद्यावरची ही आणि स्टुलावरची ही. मी रिमोट घेऊन आळीपाळीने दोघींकडे बघत, हिरवा कमी, लाल किंचित जास्त, असे करत राहिलो.

हिची बडबड चालूच होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं निरखून आज पहिल्यांदा बघताय, आणि तेसुद्धा टीव्हीशी जुळतेय का म्हणून. मी म्हटले, हलू नकोस. ती म्हणाली, ती तिकडची हलतेय ती चालते वाटतं?

आणि मग जुळले. हनुवटीखालच्या सावलीपासून स्वेटरच्या लोकरीपर्यंत, कुठे फरक म्हणून उरला नाही. मी 'सेव्ह' दाबले. त्याच क्षणी ही खांदे आक्रसून उठली. शिंप्याने गळ्याभोवती टेप लावून माप घ्यावे तसे वाटले म्हणाली. मी म्हटले, स्टूल टोचले असेल.

७ ऑक्टोबर

चित्र अप्रतिम! मेहुण्याला फोन करून सांगितले. जगातल्या सर्व विषयांवर अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा परवाना आहे, तरी तो क्षणभर गप्प झाला. हीच माझी पावती. काल झाडांवरचा एक माहितीपट पाहिला. पानांच्या शिरांमध्ये किती प्रकारचे हिरवे असतात! आणि माणसे माणसांच्या रंगाची.

हिला म्हटले, आता तुझा चेहरा हे या घरातले उपमान आहे; सबंध टीव्ही उपमेय. ती म्हणाली, उपमानाला कुकर उतरवायचाय, सरका.

१० ऑक्टोबर

काल एका खेळाच्या सामन्यात लाल गणवेश फार अंगावर येत होते म्हणून कलर थोडा उतरवला. आज सकाळी ही फिकट दिसली. खोकी उपसून दमली असेल. लाल स्वेटरही विटकरी दिसला. तिने इथल्या पाण्याला नावे ठेवली. दुपारी मावशी वर आल्या, हिच्या तोंडाकडे बघून थबकल्या आणि बरं नाही का गं, म्हणून विचारत राहिल्या. जाताना त्यांची नजर टीव्हीच्या कडेकडे गेली, जिथे चिकटपट्टी होती. काही बोलल्या नाहीत. मावशी आणि न बोलणे हा संयोग मला आवडला नाही.

१२ ऑक्टोबर

आज पडद्याखालून सरकणाऱ्या बातम्या वाचता येईनात म्हणून शार्पनेस चार घरे वर नेला. स्वयंपाकघरातून ही ओरडली. धावत गेलो, तर गालांना हात लावून उभी. कातडी ताणून टाके घातल्यासारखे वाटते म्हणाली. तिच्या चेहऱ्याभोवती, केसांभोवती, बोटांभोवती एक बारीक पांढरी रेघ होती. कडा. माझ्या चष्म्याचे भिंग असेल म्हणून पुसले. रेघ तशीच. परत येऊन शार्पनेस खाली आणला. ती म्हणाली, गेलं.

मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस आहे. एका उदाहरणावरून व्याप्ती, म्हणजे सार्वत्रिक नियम, ठरवत नाही. तिला काही न सांगता, हॉलचे दार लावून, कलर दोन घरे वर नेला. स्वयंपाकघरात गेलो. हिचे गाल लालबुंद. ताप आला वाटतं, असे तीच म्हणाली. परत आलो, दोन घरे खाली. गेलो. उतरला.

तिसऱ्यांदा करून पाहण्याचे धैर्य झाले नाही. म्हणजे व्याप्ती सिद्ध नाही. असे मी स्वतःला सांगत बसलो आहे.

१३ ऑक्टोबर

हिला सांगितले. आधी हसली. मग मी करून दाखवले, आणि तिने स्वयंपाकघरातल्या आरशात स्वतःचा रंग उतरताना पाहिला. मला वाटले, रडेल. तिने येऊन माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. माझा रंग कमी-जास्त करायचा हक्क माझ्या आईलासुद्धा दिला नव्हता, म्हणाली, तुम्ही कोण? रिमोट आता तिच्या ॲप्रनच्या खिशात असतो आणि खिशाला सेफ्टी पिन.

मी टीव्ही फोडून टाकू म्हटले. तिने विचारले, आणि मग माझं काय होईल? याचे उत्तर मला आले नाही. परीक्षेत अनुत्तरित सोडलेला माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न.

१४ ऑक्टोबर

उत्तर मिळाले. नको होते.

दुपारी वीज क्षणभर गेली. आम्ही टीव्ही नुसता रिमोटने बंद करतो, खालचा लाल ठिपका जळत असतो. आज तोही गेला. ही खिडकीशी उभी राहून मला सुनावत होती, की तुमच्या या टीव्हीपायी माझी— आणि थांबली. तोंड उघडे, बोट माझ्याकडे रोखलेले. हाक मारली. खांदा धरला. शेल्फावरच्या भांड्याएवढा गार. ठिपका पेटला तशी ती म्हणाली, —खोकीसुद्धा अजून उघडून झाली नाहीत. तिला मधले काहीच ठाऊक नव्हते. मी का रडतोय असे विचारले. धूळ, म्हणालो.

मग खाली मावशींकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे: चष्मेवाल्यालाही बायको होती. गोड बाई. इथे आल्यावर आजारी पडली, वर्ण बिघडत गेला. कधी पिवळा, कधी निळसर, शेवटी कच्च्या पेरूसारखा. दिवसभर तो टीव्हीची बटणं दाबत बसायचा. मग बाई दिसेनाशी झाली. माहेरी गेली म्हणाला. पण नंतरही वरून त्याचा बोलण्याचा आवाज यायचा, मावशी म्हणाल्या, आणि तिचाही. मला आधी का नाही सांगितले म्हणून चिडलो. त्या म्हणाल्या, काय सांगणार होते, भाऊ? टीव्हीला हिरवा रंग येतो म्हणून घर भाड्याने घेऊ नका?

म्हणजे तो अडाणी नव्हता. त्याने चित्र बिघडवून बघितले. जुळलेले मोडण्यासाठी पडदा हिरवा केला, आणि त्याची बायको पडद्याच्या मागोमाग गेली. ती चाल बाद.

१५ ऑक्टोबर

मेहुण्याला फोन केला. टीव्ही बिघडलाय एवढेच सांगितले. तो म्हणाला, एवढंच ना, फॅक्टरी रीसेट मारा, सगळं मूळपदावर.

हिने पिन काढून रिमोट दिला. मेनूत गेलो. पडद्याने विचारले, मूळ स्थितीवर न्यायचे? नक्की? अंगठा बटणावर होता. मग मनात आले, हिची मूळ स्थिती कोणती? मला भेटण्याआधीची? बोलायला शिकण्याआधीची? अंगठा काढला. ही म्हणाली, बरं केलंत, तुम्हाला नव्याने मागणी घालायला जमलं नसतं.

संध्याकाळी हिने स्वतःच युक्ती काढली. पडद्याला हात लावायचा नाही. तो जिच्याशी जुळला, तिलाच बदलायचे. मी टीव्हीसारखी दिसणार नाही म्हणजे नाही, म्हणाली. कात्री घेतली आणि खांद्यापर्यंतचे केस कानापर्यंत कापले. मग माझा जुना निळा कोट चढवला, भुवया काजळाने जाड केल्या, आणि कोळशाने मिशासुद्धा काढल्या. त्या मिशांनी ती तिच्या भावासारखी दिसत होती. आम्ही दोघे पोट धरून हसलो. या घरात आल्यापासून इतके हसलो नव्हतो. तिच्या ओठांवर रंग परत आला होता. स्वतःचा रंग, कुणी सेट न केलेला.

जिंकलो!

१६ ऑक्टोबर

खात्री करून घ्यावी म्हणून भाचीच्या वाढदिवसाचे चित्रण लावले.

त्यात हिचे केस कानापर्यंत आहेत.

गेल्या वर्षीचे चित्रण. कोट निळा. मिशा— त्याही. सगळे पाहुणे तिच्याकडे बघून टाळ्या वाजवतात, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसते.

हिने बघितले. मग पडद्याजवळ जाऊन त्या बाईला म्हणाली, नक्कल करतेस होय गं सटवे? आणि जीभ दाखवली. माझा ऊर अभिमानाने भरून आला. पडद्यावरची ही हसायची थांबली नाही. पण तिने जीभ—

बंद केला. ठिपक्यापर्यंतच.

१८ ऑक्टोबर

आकडे आपोआप बदलतात. रिमोट पिन लावलेल्या खिशात. तरी सकाळी कलर एक घर वर. पडद्यावर ती तजेलदार. घरातली ही एक घर खाली. आता दोघी बरोबरीने वर-खाली होत नाहीत. तिकडे चढते तेवढे इकडे उतरते.

पेन ड्राइव्ह उपसून काढला. चित्रण चालूच राहिले.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. अशक्तपणा म्हणाल्या. विश्रांती घ्या, टीव्ही वगैरे बघा.

२० ऑक्टोबर

कचेरीला कळवले, बातमीपत्र जमणार नाही.

आम्ही असे ठरवले आहे, की बघायचे नाही. टीव्हीला बघणारा लागतो. खुर्च्या फिरवल्या, दोघांच्या पाठी पडद्याकडे. ही मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते आणि मुद्दाम प्रत्येक जोडाक्षर मोडते. मी दर वेळी दुरुस्त करतो. तिला तेच हवे असते. तुम्ही चुका काढताय तोवर मी आहे, म्हणाली.

मागून टाळ्या ऐकू येतात. आम्ही मोठ्याने बोलतो.

हिची सावली आज फरशीवर नीट पडत नाही. तिला सांगितले नाही. तिला दिसली असणार. तिने पाय खुर्चीखाली घेतले.

२१ ऑक्टोबर

टीव्हीवर चादर टाकली. रंग चादरीतून येतो.

ही उभी राहून चादरीसमोर म्हणाली, ऐक, हा माणूस घोरतो. चहा थंड करून पितो. अडीच ओळींच्या चिठ्ठीत सहा समास घालतो. तुला झेपायचा नाही. सोड. एवढे बोलायला तिला दोनदा बसावे लागले. पण बोलली. सगळे बोलली.

चादरीमागून तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणाले, झेपेल.

२२ ऑक्टोबर

तिचा हात धरून बसलो आहे. डाव्या हाताने लिहितो. हातातून खुर्चीचा दांडा दिसतो— अंधुक. तरी पकड आहे. चांगली घट्ट. आम्ही सोडणार नाही. ती नाही, मी नाही. लिहून ठेवतो. सोडणार नाही.

ती म्हणते, जोडाक्षर सांगा एखादं. सांगतो. ती मोडते. मी दुरुस्त करतो.

आज चुका कमी—

२३ ऑक्टोबर

या यंत्राला मी भीत नाही. भिंतीवर टांगलेली काच आहे. उद्या आणखी काही युक्ती काढू. ही अजून आहे. बोलते. मला वेडा म्हणाली आज, दोनदा.

पण खरे काय ते एकदा लिहितो. सकाळी स्वयंपाकघरातून हिने हाक मारली. अहो, म्हणाली. नेहमीसारखी. आणि मी आधी पडद्याकडे पाहिले. चादर बाजूला करून. तिथे ती होती— भरलेली, तांबूस, केस पुन्हा लांब— आणि मला बरे वाटले. क्षणभर. हिला बघताना वाटत नाही इतके बरे. हिच्याकडे वळलो तेव्हा पहिल्यांदा मनात आले ते हेच, की ही नीट जुळत नाही.

तिने ते माझ्या तोंडावर वाचले. काही म्हणाली नाही. काही न म्हणणारी ती नव्हे.

मला यंत्राची भीती नाही. माझी आहे. मी कुणाला प्रमाण—

आत्ता पुन्हा हाक आली. अहो. मी मान वळवणार नाही, जोवर नक्की कळत नाही की कुठून— शेजारच्या खुर्चीतूनच आली असणार, हातात हात— हात कुठे— अहो, म्हणते, इकडे बघा ना, मी